अंबाजोगाईहून जैसलमेरच्या वाळवंटापर्यंत एकटीने गाडी चालवत जावे का?

आद्यकवीच्या गावची

नमस्कार. माझे वय ४४ असून अंबाजोगाईत माझे औषधांचे दुकान आहे. या दुकानामुळे गेल्या सोळा वर्षांत सलग चार दिवस गावाबाहेर राहण्याचा योग आलेला नाही. ज्या ज्या वेळी सहल ठरवली त्या त्या वेळी कोणाचे तरी लग्न, कोणाचे तरी आजारपण किंवा दुकानातल्या मुलाची रजा आडवी आली. मागच्या मंगळवारी बीडहून माल घेऊन परतताना मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबले होते. तेथे बसल्या बसल्या केजच्या रस्त्याला लागण्याऐवजी गाडी उलट वळवावी आणि सरळ उत्तरेकडे जात राहावे, असे इतके तीव्रतेने वाटले की चहा निवला तरी उठवेना. त्या दिवशी मी मुकाट्याने घरी आले. परंतु आता न ठरवताच निघावे असे ठरवले आहे, आणि या वाक्यातला विरोध मलाही कळतो.

वाळवंटच का, असे घरच्यांनी विचारले. दुष्काळ आपण पुष्कळ पाहिला. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा माझे माहेर लातुरात असल्यामुळे आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या टँकरपुढची रांग मी जवळून पाहिली. पाणी नसणे हे आपल्याकडे संकट मानले जाते. ज्या मुलखात ते नसणे हीच रोजची रीत आहे, तेथे माणसे कशी राहतात हे एकदा पाहावे, असे तेव्हापासून मनात आहे.

माझी गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, नऊ वर्षांची आणि ७१,००० किलोमीटर धावलेली आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवस दुकान बंद ठेवता येईल. पती शिक्षक असल्याने त्यांना त्या वेळी रजा नाही. त्यांची हरकत नाही, सासूबाईंची आहे. पाच दिवसांत जाऊन येणे होईल का, ही गाडी वाळवंटात चालेल का आणि मुक्कामाची सोय आधी न करता निघाले तर एकट्या बाईची अडचण होईल का, एवढे जाणकारांनी कृपया सांगावे.

सळई आणि सडक

ताई, मी जालन्यात चोवीस वर्षे मालवाहतुकीच्या व्यवसायात आहे आणि गुजरात-राजस्थानच्या खेपा मी स्वतःही पुष्कळ केल्या आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. अंबाजोगाई ते जैसलमेर हे अंतर एका बाजूने सुमारे १,४०० किलोमीटर पडते. सोबतीला दुसरा चालवणारा नसताना दिवसाला साडेचारशे-पाचशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, हा नियम आम्ही पगारी चालकांनाही लावतो. मग आपण तर दुकानाच्या गल्ल्यावरून उठून थेट चाकावर बसणार आहात. जायला तीन दिवस आणि यायला तीन दिवस धरले, तर पाच दिवसांत आपल्याला वाळवंट दिसणारच नाही, दिसतील ते फक्त टोलनाके. किमान नऊ दिवस हवेत.

रस्ता असा धरावा. पहिल्या दिवशी पहाटे निघून मांजरसुंबा, बीड, गेवराई, छत्रपती संभाजीनगर, मग कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव आणि धुळे. धुळ्यापर्यंत साधारण ३६५ किलोमीटर होतात. तेथून साक्रीमार्गे कोंडाईबारीचा घाट दिवसाउजेडी ओलांडून नवापूरला मुक्काम करावा. हा घाट फार मोठा नाही, परंतु अवजड गाड्यांच्या रांगेमागे अडकून कंटाळलेला माणूस वळणावर पुढे काढायला जातो आणि तेथेच फसतो. दुसऱ्या दिवशी सोनगड, व्यारा, बारडोली करत पलसाण्याजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागावे. वडोदऱ्यापासून अहमदाबादपर्यंत ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहे, त्यावर वेळ वाचतो. मात्र डोळा लागण्याचा धोकाही त्याच सरळ रस्त्यावर जास्त असतो. मुक्काम मेहसाण्याला करावा. तिसऱ्या दिवशी पालनपूर, डीसा, सांचोर, बाडमेर आणि दिवस मावळण्याच्या आत जैसलमेर.

सांचोरच्या पुढे मुलूख उघडा होत जातो. रस्ते उत्तम आहेत, आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी चांगले, आणि खरी अडचण त्या चांगुलपणातूनच निर्माण होते. गाडी शंभराच्या वर कधी गेली ते कळत नाही, आणि समोर गाय, नीलगाय किंवा उंट रस्त्याच्या मधोमध उभा असतो. उंटाचे पाय लांब आणि धड उंच, त्यामुळे धडक बसली तर ते धड बॉनेटवर न आदळता थेट काचेवर येते. म्हणून सांचोरच्या पुढे अंधारात गाडी चालवू नये. बाकी सर्व सूचना विसरलात तरी चालेल, ही एक विसरू नका.

गाडी नऊ वर्षांची असल्याची काळजी करू नका, टायरांची मात्र करा. नक्षी शिल्लक दिसली तरी टायरच्या कडेवर छापलेला चार आकडी क्रमांक पाहा. पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. सहा वर्षांपेक्षा जुने टायर असतील तर बदलून घ्या. कूलंट, पंख्याचा पट्टा, बॅटरी आणि हवेची जाळी ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासून घ्या, आणि हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा, म्हणजे दुरुस्तीत राहिलेली खोट गावातच उघडी पडते.

सिंदफणाकाठचा

वरील माहितीत मला माझी एक फजिती जोडायची आहे, कारण ‘न ठरवता निघणे’ या शब्दांचा मी जो अर्थ घेतला होता तो आपण घेऊ नये.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस, नोकरीतल्या एका वादानंतर, मी रागाच्या भरात एकटाच गाडी काढून निघालो. १९ मे २०१६ रोजी ज्या फलोदीला ५१ अंश तापमानाची नोंद झाली, ती फलोदी जैसलमेरच्या शेजारच्याच भागात आहे, हे मला वाचून माहीत होते. पण बीडचा उन्हाळा काढलेल्या माणसाला ऊन कोण शिकवणार, असा माझा ताठा होता. जैसलमेरहून नैर्ऋत्येला खुडी नावाचे गाव आहे, तेथे वाळूचे उंच टिब्बे आहेत. तिकडून परतताना मोबाइलवरील नकाशाने मला एक जवळचा रस्ता दाखवला. चार किलोमीटर डांबर होते, मग खडी लागली, मग फक्त चाकांच्या खुणा उरल्या. मागे वळवण्यासाठी म्हणून गाडी कडेला घेतली आणि पुढची चाके वाळूत रुतली.

त्यानंतर मी ती सर्व कामे केली जी करायची नसतात. जोरात रेस दिली, तेव्हा चाके जागीच फिरून आणखी खाली गेली आणि गाडी पोटावर बसली. जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच वाळूत शिरला. मोबाइलला रेंज नव्हती. जवळ पाण्याची एक दोन लिटरची बाटली होती, तीही अर्धी. दुपारचे अडीच वाजले होते. लांब काही झाडे दिसत होती म्हणून मी चालत निघालो; एखादा किलोमीटर गेल्यावर मागे पाहिले, तर मधला टिब्बा आड आल्यामुळे गाडी दिसेना, आणि वारा असा सुटला होता की माझ्याच पावलांच्या खुणा पुसट होत चालल्या होत्या. त्या क्षणी जी भीती वाटली ती मी घरात आजतागायत कोणाला सांगितलेली नाही. सुदैवाने खुणा पूर्ण बुजायच्या आत मी गाडीपाशी परतलो आणि तिच्या सावलीत, दारे उघडी टाकून, संध्याकाळपर्यंत पडून राहिलो.

दिवस कलल्यावर शेळ्या घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी पहिल्यांदा पाणी दिले, मग मला भरपूर हसून घेतले आणि त्यांच्या ढाणीवरून, म्हणजे आपल्या भाषेत वस्तीवरून, ट्रॅक्टर बोलावला. त्या मुलाने गाडी ओढण्यापूर्वी चारही चाकांची हवा निम्म्यावर आणली, चाकांपुढची वाळू हाताने उपसली, जॅकखाली फळी ठेवून एकेक चाक उचलले आणि त्याखाली वाळलेल्या फांद्या सरकवल्या. ट्रॅक्टरचा दोर नुसता ताणला तेवढ्यात गाडी बाहेर आली. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूवरचा भार विभागला जातो आणि चाक रुतत नाही, हे मला तेथे उमगले. डांबरावर आल्यावर मात्र हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर कमी हवेच्या टायरला वेगात उष्णता चढते आणि तो फुटतो. म्हणून सिगारेट लायटरच्या खाचेवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असल्याशिवाय हवा काढू नये.

माझी चूक वाळूत गाडी घातली ही नव्हतीच. मी कोठे आहे हे जगात कोणालाही माहीत नव्हते, ही होती. आपण न ठरवता अवश्य निघा. पण रोज सकाळी निघताना कोणत्या रस्त्याने कोणत्या गावाला जाणार हे घरी सांगा, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा, हेही सांगून ठेवा.

मध्यमवर्गी

स्पष्ट बोलतो म्हणून राग मानू नये. घरसंसार असलेल्या बाईने तीन राज्ये ओलांडून एकटीने सीमेवर जाणे हे धाडस नव्हे, हट्ट आहे. एखाद्या यात्रा कंपनीबरोबर गेल्यास तेच वाळवंट निम्म्या कष्टात दिसते.

गोदातीर नांदेड

वाळवंट तेच दिसते हे मान्य. परंतु ते कोणाच्या शिट्टीवर बसमध्ये चढत-उतरत पाहावे लागते. मी दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ५१ व्या वर्षी, नांदेडहून एकटीने जाऊन आले आहे. तेव्हा या विषयावर थोडे अधिकाराने लिहिते.

ताई, मुक्कामाची आधी नोंदणी केली नाही तरी चालते, पण मुक्कामाच्या गावात पाच वाजण्याच्या आत पोचावे. उजेड असला की दोन-तीन ठिकाणे पाहून, खोलीची कडी तपासून, नाही म्हणून बाहेर पडता येते. रात्री नऊला पोचलेल्या माणसाला मिळेल ते घ्यावे लागते, आणि हे पुरुषांनाही तितकेच लागू आहे. मी महामार्गावरचे लॉज टाळून गावातली, कुटुंबे उतरतात अशी ठिकाणे घेतली. औषधांच्या दुकानात चौकशी केली की असा पत्ता हमखास मिळतो. आपल्याला तर ते व्यवसायबंधूच.

त्रास म्हणावा असा एकच झाला, तो जैसलमेर ते सम या रस्त्यावर. सम हे जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि टिब्ब्यांसाठी सर्वांत प्रसिद्ध तेच आहे. बाहेरच्या राज्याची पाटी दिसली की मोटारसायकलवरचे तरुण शेजारून गाडी चालवत, काचेवर टकटक करत, तंबूतल्या मुक्कामाचा भाव सांगू लागतात. तिकडे त्यांना ‘लपके’ म्हणतात. काच खाली करू नये, थांबू नये, वेग वाढवू नये. चार-पाच किलोमीटरनंतर ते आपोआप मागे फिरतात. समला रात्रभर कर्कश संगीत चालते. वाळवंटात कोणी शांतता शोधायला जावे आणि तेथे वरातीचा बँड ऐकावा, तसा तो प्रकार आहे. मी पुढच्या दिवशी खुडीला गेले आणि एका घरी उतरले. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि ताक. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, हे मला त्या घरच्या सुनेने झाड दाखवले तेव्हा कळले. रात्री थंडी इतकी पडली की सोबत नेलेली वाकळ आणि त्यांची रजई दोन्ही लागल्या. डिसेंबरात दुपारी सुती कपडे पुरतात आणि पहाटे कानटोपीशिवाय बाहेर निघवत नाही. वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते.

गाडी वाळूत घालण्याची मुळीच गरज नाही. टिब्ब्यांवर नेणाऱ्या जीप आणि उंट तेथे मिळतात, आणि डांबरी रस्त्याने जेवढे वाळवंट दिसते तेवढे चार दिवसांत संपत नाही. एक दिवस रामगड, तनोट, लोंगेवाला आणि परत असा ठेवा. अडीचशे किलोमीटरहून अधिक फेरी होते, म्हणून सकाळी लवकर निघावे. रामगडला पेट्रोलची टाकी पूर्ण भरावी, त्यापुढे भरवसा ठेवू नये. तनोटच्या देवीचे मंदिर सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात आणि १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तेथे मांडून ठेवले आहेत. लोंगेवाला येथे डिसेंबर १९७१ ची लढाई झाली, तेथे निकामी झालेले रणगाडे उभे आहेत. हा सीमेचा मुलूख असल्याने मूळ ओळखपत्र जवळ असावे, चौक्यांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि ड्रोन तर बरोबर नेऊच नये. तनोटच्या पुढे प्रत्यक्ष सीमेकडे जायचे असेल तर वेगळी परवानगी लागते. बाडमेरहून जैसलमेरला पोचण्याच्या सुमारे १७ किलोमीटर अलीकडे आकल नावाचे ठिकाण आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडे उघड्या माळावर पडलेली आहेत. तेथे मी सोडून कोणीही नव्हते, आणि त्या सबंध प्रवासातला माझा सर्वांत आवडता अर्धा तास तोच.

मध्यमवर्गी यांना एवढेच विचारावेसे वाटते की, ‘सिंदफणाकाठचा’ यांनी आपली फजिती लिहिली तेव्हा त्यांच्या घरसंसाराची चौकशी आपण केली नाही, ती का?

पाझर

मूळ प्रश्नात ताईंनी पाण्याविषयी जे लिहिले आहे त्याकडे कोणीच वळले नाही, म्हणून हा प्रतिसाद. मी जलसंधारणाच्या कामातून निवृत्त झालो असून उभी हयात बालाघाटच्या डोंगरउतारांवर बांध घालण्यात गेली आहे.

जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपला आठ जिल्ह्यांचा मराठवाडा निम्मा केला तरी तो जिल्हा त्याहून मोठा भरतो. २०११ च्या जनगणनेत तेथे दर चौरस किलोमीटरला अवघी १७ माणसे होती. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे सरासरीने त्याच्या तिप्पट पडतो आणि तरीही टँकर आपल्याकडे येतात. हे अंतर डोक्यात ठेवून तिकडची ‘खडीन’ पाहावी. खडकाळ उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालतात. आजूबाजूच्या कित्येक पट मोठ्या उघड्या माळावरचे पाणी त्यामागे येऊन साचते, पावसाळा संपेपर्यंत जमिनीत मुरते, आणि मग त्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरतात. वरून पाणी द्यावे लागत नाही. आपल्या काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते, तीच ही युक्ती. फरक इतकाच की आपली जमीन ती ओल स्वतःच धरून ठेवते आणि तेथे माणसाला ती गोळा करून आणावी लागते. या पद्धतीचे श्रेय पालीवाल ब्राह्मणांना दिले जाते. त्यांचे कुलधरा हे ओसाड गाव जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. एका रात्रीत गाव उठले, दिवाण सालिमसिंह याच्या जाचामुळे उठले, शापित आहे, अशा कथा तेथील वाटाडे रंगवून सांगतात. कथा ऐकाव्यात, परंतु ज्यांनी २०० मिलिमीटरवर गहू पिकवला त्यांचे पाणीच हळूहळू आटले असावे, ही शक्यता मला भुताखेतांपेक्षा अधिक पटते.

वस्त्यांवर ‘बेरी’ नावाच्या अरुंद, खोल विहिरी दिसतील. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा कठीण थर असतो. पावसाची ओल त्या थरावर अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. या विहिरीत ती थेंबाथेंबाने झिरपते. दिवसभरात काही घागरी भरतात, तेवढ्याच. बोअर आणखी खोल मारला तर गोड पाण्याऐवजी खारे लागते. आठशे-हजार फूट बोअर मारणाऱ्या आपल्या माणसांनी ही एक गोष्ट अवश्य पाहून यावी. अर्थात, जुने सारे शहाणपण आणि नवे सारे वाईट असे तेथेही नाही. हिमालयाच्या नद्यांचे पाणी आणणारा इंदिरा गांधी कालवा जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोचला आहे. जेथे पोचला तेथे शेते हिरवी झाली आहेत आणि काही भागांत अतिपाण्याने जमिनी खारावल्या, चिबडही झाल्या आहेत. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात जे घडले त्याचीच ही बहीण.

एक विनंती. कोणाच्याही कुंडाजवळ किंवा बेरीजवळ चपला घालून जाऊ नये आणि विचारल्याशिवाय पाणी काढू नये. कोणी पाणी देऊ केले तर पेल्यात शिल्लक ठेवू नये.

आद्यकवीच्या गावची

सर्वांचे मनापासून आभार. पाच दिवसांचे नऊ दिवस झाले आहेत. दुकान पूर्ण बंद न ठेवता, फार्मसीची पदवी घेतलेली भाची सकाळ-संध्याकाळ बसणार आहे. पुढचे दोन टायर बदलले. त्यांवरचा चार आकडी क्रमांक पाहिला तेव्हा ते आठ वर्षांचे निघाले, आणि मी त्यांवर दर आठवड्याला बीडला जात होते. लाकडाच्या वखारीतून जॅकखाली ठेवण्यासाठी एक जाड फळी आणली आहे. वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, हवेचा पंप, वाकळ, आणि धपाटे व शेंगदाण्याची चटणी इतकी झाली आहे की सांचोरपर्यंत ढाब्यावर थांबावे लागू नये. धपाटे सासूबाईंनी केले आहेत. हरकत अजून मागे घेतलेली नाही, पण धपाटे केले आहेत. रोज रात्री आठला पतीला निरोप द्यायचा, आणि दहापर्यंत तो आला नाही तर त्यांनी आधी मुक्कामाच्या लॉजला व नंतर तेथील पोलीस ठाण्याला फोन करायचा, असे ठरले आहे.

कोणत्या गावी किती दिवस थांबायचे, हे मात्र मुद्दाम ठरवलेले नाही. गुरुवारी पहाटे निघते.

सळई आणि सडक

ताई, स्टेपनीची हवा तपासली का? आणि ती काढायचा पाना गाडीत आहे का, तेही एकदा बघून घ्या.

आद्यकवीच्या गावची

पाना नव्हता. आत्ताच आणला.